रामकिसन ड्रेसरचे कान

पडदा वर जातो. समोर एक लांबट दालन, वर कौलं, भिंतींना नुकताच दिलेला चुना. डाव्या विंगेत लोखंडी खाटांची रांग, प्रत्येक खाटेवर लाल कांबळं. उजव्या विंगेत हिरव्या रंगाचा दोन फळ्यांचा दरवाजा. त्याची वरची काच फुटलेली, तिथे पुठ्ठा ठोकलेला, आणि पुठ्ठ्याचा एक कोपरा सुटून लोंबतो आहे. वेळ सकाळची. काळ एकोणीसशे पंचावन्नचा हिवाळा. ठिकाण वाशीम, धर्मादाय दवाखाना. हवेत ईथरचा वास, त्याच्यामागे स्टोव्हवर उकळणाऱ्या हत्यारांची वाफ, आणि कोणाच्या तरी नातलगाने फडक्यात बांधून आणलेला ठेचा.

दुसऱ्या खाटेवर जो आडवा आहे तो मी. माझ्याकडे फार लक्ष देऊ नका, मला या प्रवेशात संवाद कमी आहेत. लुगडं नेसून गाण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, नाटक कंपनी वाशीमला येऊन मोडली आणि मी इथेच राहिलो. तार सप्तकाने म्हणा किंवा कंपनीच्या ट्रंका उचलल्याने म्हणा, हर्निया झाला. तो नुकताच शिवला होता. डॉक्टरांची ताकीद होती की खोकायचं नाही, शिंकायचं नाही आणि हसायचं नाही. पहिल्या दोन गोष्टी मला जमल्या.

आता मुख्य पात्र. हिरवा दरवाजा उघडतो आणि रामकिसन ड्रेसर बाहेर येतो.

उंच, किडकिडीत, धोतरावर पांढरा एप्रन, डोक्यावर टोपी. ईथरचा वास अंगात इतका मुरलेला की बाजारात भाजीवाल्या म्हणायच्या, "दूर राह्य बापा, मले झोप येऊन राह्यली." हुद्दा ड्रेसरचा, म्हणजे जखमा धुणं, पट्ट्या बांधणं. पण तालुक्याच्या गावात भूल द्यायला वेगळा डॉक्टर कुठून येणार? म्हणून डॉक्टर राजूरकरांनी त्याला शिकवून तयार केलं होतं. ऑपरेशनच्या टेबलाच्या डोक्याशी एक स्टूल होतं. त्यावर बसून, रोग्याच्या नाकातोंडावर तारेच्या जाळीचा मुखवटा धरून, त्यावर घातलेल्या कापडावर रामकिसन ईथरचे थेंब टाकायचा. एरवी थोडा पोक काढून चालणारा हा माणूस त्या स्टुलावर बसला की ताठ व्हायचा. नटाला अंगावर पोशाख चढला की होतं, तसं.

आणि बोलायचा! रोग्याशी, सिस्टरशी, बाटलीशी, बोळ्याशी. मला त्याच्यामुळेच औषधांची ओळख झाली. माझ्या डोक्यात ती एखाद्या नाटक मंडळीसारखी बसलेली आहेत. सगळ्यांच्या आधी येणार ॲट्रोपीन. छोटीशी सुई. तिने तोंडाला कोरड पडते, म्हणजे भुलीत असताना लाळ घशात उतरत नाही. पहिल्यांदा रंगमंचावर उभं राहणाऱ्याला जी कोरड पडते तीच ही, फक्त बाटलीत भरलेली. तिचा हात धरून येतो मॉर्फिया, अफूच्या घराण्यातला. दुखणं जागच्या जागीच असतं, पण आपल्याला त्याचं काही वाटेनासं होतं. मग ईथर, कंपनीची मुख्य नटी. आधी माणसाला भांडायला लावते, बरळायला लावते, मग कुशीत घेऊन झोपवते. क्लोरोफॉर्म तिचा थोरला भाऊ. वासाला गोड, पण भरवशाचा नाही, कधी हृदयावर जाईल सांगता येत नाही. त्याला डॉक्टरांनी कपाटात बसवून ठेवलं होतं. गळू फोडायचं, दात उपटायचा, तर प्रोकेन. टोचलं तेवढाच भाग बधिर, माणूस जागा. तसलंच औषध पाठीच्या कण्यात दिलं की कमरेखालचं सगळं गायब. माझ्या वेळी हेच केलं. मी घाबरून विचारलं, "रामकिसन, माझे पाय कुठे आहेत?"

"दुसऱ्या कंपनीत गेले, मास्तर. संध्याकाळच्याले येतीन परत."

पडदा पडल्यावर राबणारेही असतात. पेनिसिलिन, जखमेत पू शिरू न देणारा दारावरचा पहारेकरी. आणि ए.पी.सी.ची पांढरी गोळी, जी ताप, अंगदुखी, डोकेदुखी अशा सगळ्या किरकोळ भूमिका बिनतक्रार करते.

आता एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रामकिसन बहिरा होता.

जन्माचा नव्हे. काही वर्षांपूर्वी त्याच्या छातीला क्षयाने धरलं. तेव्हा स्ट्रेप्टोमायसीन नवीन होतं, मिळायचं मुश्किलीने. डॉक्टरांनी नागपूरहून खटपट करून आणवलं आणि स्वतःच्या हाताने सुया दिल्या. छाती बरी झाली. पण त्या औषधाची एक खोड आहे, ते कधीकधी कानांवर उतरतं. आधी शिट्ट्या वाजू लागल्या, मग शिट्ट्याही थांबल्या. हे एकाच माणसाला ठाऊक होतं. त्याची बायको मनकर्णाबाई, जी याच दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात आया होती.

बाकी जगाला त्याने कसं फसवलं? समोरच्याच्या ओठांकडे पाहून. आणि अखंड बोलून, कारण बोलणाऱ्याला ऐकावं लागत नाही. ऑपरेशनच्या खोलीत सगळ्यांची तोंडं पट्टीने बांधलेली, पण डॉक्टर राजूरकर काम करताना मुळात बोलतच नसत. त्यांच्या भुवया बोलत, आणि त्या भुवया रामकिसनला पाठ होत्या. त्यांना हे कळलं असतं तर ते स्टूल त्याच दिवशी गेलं असतं.

गंमत अशी की गावात त्याची ख्याती होती ती पोटात गोष्ट ठेवणारा माणूस म्हणून. भुलीत माणूस खरं बोलतो अशी सगळ्यांची पक्की समजूत. लोक त्याला चहा पाजून विचारायचे, "आमचा साळा काय बरळला, सांग ना लेका." रामकिसन कपाळाला हात लावून म्हणायचा, "आयकलं नाई बापा." केवढा सज्जन माणूस, असं म्हणत लोक दुसरा चहा मागवायचे.

दुसरा प्रवेश. रिठदहून एक बैलगाडी दवाखान्याच्या आवारात शिरते. गाडीत तुळसाबाई, गाडीच्या बाजूने चालत आलेले तिचे यजमान. तुळसाबाईचं पोट एवढं वाढलेलं की रस्त्यातल्या बायकांनी तिला या वयात जुळं होणार असं सांगून टाकलं होतं. यजमान सडपातळ, अबोल, हातात सारखं पागोटं फिरवणारे. तुळसाबाईचा आवाज मात्र दोन शेतं ओलांडून गड्याला हाक मारणाऱ्या बाईचा. त्यामुळे व्हरांड्यापलीकडे बायकांच्या वॉर्डात जे झालं ते आम्हा सगळ्या पुरुष रोग्यांना घरबसल्या ऐकायला मिळालं.

डॉक्टर म्हणाले, "पोटात गाठ आहे. काढावी लागेल, आणि लवकर. तिला पीळ बसला तर माझ्या हातात काही राहणार नाही. पाठीतली सुई एवढ्या गाठीला पुरायची नाही, पूर्ण भूल द्यावी लागेल."

"काढा ना. मले काय थे वागवाची हौस हाय?"

उपाशी राहायला ती कबूल, एनिमाला कबूल, पोट फाडायलाही कबूल. मग तिने सहज विचारलं, "भूल कोन देते?"

"आमचा रामकिसन."

"कोनता रामकिसन? आमच्या मनकर्णीचा नवरा? रिठदचा जवाई?"

"तोच."

खाट करकरली. "मंग मी जातो घरी. अवो, गाडी जुपा!"

मनकर्णाबाई धावत आली. ती रिठदची लेक, तुळसाबाई नात्याने तिची चुलती. "काकू, काय झालं? काहून जाता?"

"भुलीत मानूस बरळते का नाई?"

"बरळते थोडंसंक."

"अन् माह्या तोंडून ह्यायचं नाव गेलं तं?"

वॉर्डातल्या एकूण एक बाईला प्रश्न पटला होता. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे कोणाला शिकवावं लागत नव्हतं.

"लग्नाले एवढे वर्सं झाले, मी नाव नाई घेतलं. उखान्यातबी अर्धंच घेतलं. आता काय टेबलावर निजून घेऊ?"

"मनात तं घेत असान?" मनकर्णाबाईने विचारलं.

"मनात रोज घेतो. थे कोनाच्या कानात जाते? कानात गेलं तं दोष."

"मंग डॉक्टरसायबाच्या कानाचं काय? सिस्टरच्या?"

"थे परके मानसं. त्यायले आमचं काय घेनंदेनं? पन हा गावचा जवाई, अन् कान लावून बसते माह्या तोंडापाशी. हा आयकन, तुले सांगन, तू माहेरी येऊन सांगशीन. सारं रिठद हासन, अन् वरून ह्यायचं आयुष्य कमी."

दाराशी उभ्या यजमानांनी पागोटं फिरवायचं थांबवलं. "घेऊ दे म्हना नाव. मी नाई मरत."

"तुमी चूप बसा! तुमाले काय समजते मरनातलं?"

डॉक्टरांनी समजावलं, रागावून पाहिलं. भूल देणारा दुसरा माणूस अकोल्याला, आणि त्या पोटाने मोटारीचा रस्ता तिला सोसणारा नव्हता. दुपारी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. भांडणारा आवाज बारीक झाला. मनकर्णाबाईने नवऱ्याला बोलावून आणलं.

पुढचं मला तुळसाबाईनेच नंतर सांगितलं. जेवणाची वेळ, वॉर्ड रिकामा, रोगी बायका बाहेर उन्हात बसलेल्या. रामकिसनने मनकर्णाबाईलाही बाहेर पाठवलं आणि खाटेजवळ उकिडवा बसला.

"काकू, एक गोष्ट सांगतो. पोटात ठेवसान?"

"पोटात जागा कुठी हाय? बरं, सांगा."

"मले आयकू येत नाई."

"काय आयकू येत नाई?"

"काईच. कान गेले माह्ये. तुमी बोलता थे मी व्हटावरून वळखतो. भुलीत तुमी रिठदच्या साऱ्या मानसायचे नावं घ्या, माह्यापाशी एकबी पोचत नाई. डॉक्टरले हे मालूम नाई. मालूम झालं तं माह्यं काम गेलं."

तुळसाबाई कळा विसरून बघत राहिली. पण ती तूरडाळसुद्धा मूठभर चावून मग घेणारी बाई. म्हणाली, "तोंड फिरवा तिकडं."

तो पाठमोरा झाला. तिने त्याच्या लग्नातलं सगळं उकरून काढलं. पंगतीत कसा रुसला, जोड्यांसाठी कसा अडून बसला, त्याच्या आईने रिठदच्या वरणाला कशी नावं ठेवली. रामकिसन भिंतीवरची पाल पाहत राहिला. कोणताही जावई एवढं ऐकून स्वस्थ बसत नाही. मग तिने खिडकीतून बाहेर पाहिलं, दारात पाहिलं, आणि त्याच्या पाठीला, अगदी हळू, उभ्या संसारात पहिल्यांदा ते नाव उच्चारलं. जगदेव. (मला सांगताना तिने घेतलं नाही. "थे नाव" एवढंच म्हणाली आणि लाजली.)

रामकिसन हलला नाही. तुळसाबाईने त्याच्या पाठीवर थाप मारली. "चाला. सांगा डॉक्टरले, फाडा म्हना."

तिसरा प्रवेश हिरव्या दाराआड. आम्हाला दिसलं काहीच नाही, पण त्या सुटलेल्या पुठ्ठ्याने सगळं ऐकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ॲट्रोपीन झालं, मॉर्फिया झाला. जाताना ती डोलत, हसत होती. जगदेवराव दाराबाहेर भिंतीला टेकून उभे. आत रामकिसनचा आवाज सुरू झाला. "हां काकू, लंबा दम घ्या. घाबरू नोका. रिठदच्या आमराईत बसल्या असं समजा. अजून एक दम."

ईथर माणसाला झोपवण्याआधी भांडायला लावते हे मी मघाशी सांगितलंच. थोडा वेळ नुसतं गुरगुरणं. मग तो दोन शेतं ओलांडणारा आवाज उठला.

"आमचा जवाई बहिरा हाय वो!"

माझ्या खाटेवर मी सावध झालो.

"ठार बहिरा! काईच आयकू येत नाई त्याले! कोनाले सांगू नोका! डॉक्टरले तं बिलकुल सांगू नोका! बहिरा हाय रामकिसन!"

आणि त्यावर रामकिसनचा आवाज, मायेने ओथंबलेला. "बस, बस काकू. असंच. लय चांगलं करून राह्यल्या."

मी दोन्ही हातांनी टाके धरले. शेजारच्या खाटेवरचा मोडक्या पायाचा माणूस उशीत तोंड खुपसून हुंदके दिल्यासारखा हसत होता. मग आमच्या दोघांच्याही लक्षात आलं की आत कोणीच हसत नाहीये. सिस्टर नाही, डॉक्टर नाहीत. फक्त रामकिसन, निश्चिंत, बाटलीशी गप्पा मारतोय. माझं हसू तिथेच थांबलं. ज्या माणसाचं स्टूल गेलं होतं त्याला सोडून ते सगळ्यांना कळलं होतं.

तरी डॉक्टरांनी काम थांबवलं नाही. गाठ निघाली, कोहळ्याएवढी. बादलीत घालून जगदेवरावांना दाखवली तेव्हा त्यांनी गोंधळून बादलीला नमस्कार केला. तुळसाबाई शुद्धीवर आली, पाणी मागितलं, दुखतं म्हणाली, आणि पुन्हा मॉर्फियाची छोटी सुई घेऊन झोपी गेली.

दुपारी रामकिसन आमच्या दारासमोरच्या व्हरांड्यात धुतलेल्या पट्ट्यांच्या घड्या घालत बसला होता. डॉक्टर त्याच्या मागे येऊन उभे राहिले. नेहमीच्या आवाजात म्हणाले, "रामकिसन, तुझ्या टोपीवर विंचू आहे."

रामकिसनने घडी नीट दाबली आणि पुढची पट्टी उचलली.

डॉक्टर फिरून त्याच्या समोर आले, खाली बसले. रामकिसनने त्यांचं तोंड पाहिलं आणि पट्टी मांडीवर ठेवली.

"कधीपासून?"

त्याने बहाणा केला नाही. "सुया सरल्या तवापासून."

"मी दर आठवड्याला विचारत होतो. कानात शिट्टी वाजते का? तू नाही म्हणालास."

"वाजे, सायेब. हो म्हटलं असतं तं तुमी सुई बंद केली असती."

"केली असती."

"मंग माह्यी छाती?"

डॉक्टरांनी त्या सुया दिलेल्या स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "आणि त्या दिवसापासून तू भूल देतो आहेस. रोग्याची जीभ मागे पडली, घशात घरघर सुरू झाली, तर तुला कसं कळणार?"

"तोंडासमोर हात ठेवतो. वारा लागते."

"वारा थांबला की कळतं. घरघर त्याच्या आधी येते, रामकिसन. तो आधीचा वेळच आपल्या हातातला असतो. आजवर कोणी दगावलं नाही ते आपलं नशीब."

रामकिसन मांडीवरची पट्टी बोटाभोवती गुंडाळू लागला.

"उद्यापासून तू त्या स्टुलावर बसणार नाहीस. ड्रेसिंग कर, औषधं दे. भूल नाही."

"आता डोक्याशी कोन बसन?"

"पाहीन मी."

तेवढ्यात मनकर्णाबाई आली. हातात रिकामी बादली, पदर खोचलेला. तिने ती बादली अशी ठेवली की रांगेतल्या सगळ्या खाटा जाग्या झाल्या.

"डॉक्टरसायेब, थ्या सुया द्या म्हून मीच तुमच्या पाया पडली होती. मले नवरा पायजे होता, कान नोते पायजे. थे गेले, जाऊ द्या. आता कान मी देतो."

"म्हणजे काय, बाई?"

"मी उभी राहीन ह्यायच्या मांगं. थेंब ह्यायचे, कान माह्ये. मले लय आयकू येते. इतकं येते का शेजारनी माह्याशी बोलत नाईत."

"ऑपरेशनची खोली आहे ती, भजनाची नाही."

"भजनात तं मी गाता गाता कोन बेसूर हाय थेबी सांगतो. विचारा ह्यायले." मग नवऱ्याकडे वळून, तोंड मोठं करून, "सांगा ना वो! की आता मुकेबी झाले?"

रामकिसनने मान वर केली. "सायेब, एक बार पाहून घ्या. नाई जमलं तं मी सोता स्टूल उचलून बाहीर ठेवीन."

डॉक्टरांनी भुवई उचलली. तिचा अर्थ मलाही कळला. एकदाच.

ते एकदा आलं इंझोरीच्या बाजूच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरून. हरिसिंग नावाचा दांडगा गडी, मांडीत खोल गळू, तापाने फणफणलेला. बाहेर त्याची आई नानीबाई हातातल्या पाटल्या खुळखुळवत बसून. प्रोकेनने भागणार नव्हतं, गळू हाडापर्यंत गेलेलं. एवढ्या तापात पाठीतली सुई धोक्याची, म्हणून ईथरच द्यावं लागणार होतं. आत काय झालं ते मला सिस्टरने सांगितलं, आणि सिस्टर मीठमसाला न लावणारी बाई होती.

मनकर्णाबाईने हात कोपरापर्यंत धुतले, एप्रन चढवला, नाकातोंडावर पट्टी बांधली आणि नवऱ्याच्या मागे उभी राहिली. उजवा हात त्याच्या पाठीवर ठेवला. हरिसिंगच्या प्रत्येक श्वासाला ती बोटांनी त्याच्या पाठीवर हलकी थाप देई. श्वास लांबला तर थाप लांबे, भरभर झाला तर भरभर. नटाला तबलजी मागून सांभाळून घेतो, अगदी तसं. रामकिसन त्या तालावर थेंब टाकत होता. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत तो गप्प होता.

डॉक्टरांनी चाकू घातला, पू मोकळा झाला. त्यांचं सगळं लक्ष तिथे. इतक्यात मनकर्णाबाईची बोटं थबकली. श्वास चालू होता, पण त्यात काहीतरी घासलं, दाराची गंजलेली कडी सरकवावी तसं. तिने नखं सरळ त्याच्या खांद्यात रुतवली. रामकिसनने बाटली खाली ठेवली, दोन्ही हातांनी हरिसिंगचा जबडा पुढे ओढला, मान मागे केली. एक घोरणं. मग मोकळा, लांब श्वास. तिच्या बोटांची थाप पुन्हा पाठीवर पडू लागली.

डॉक्टरांनी मान वर केली तेव्हा त्यांच्या तोंडून निघायची सूचना आधीच पाळून झाली होती. त्यांनी दोघांकडे पाहिलं, पट्टीआडून म्हणाले, "चालू द्या," आणि पुन्हा मांडीत वाकले.

संध्याकाळी रामकिसनच्या खांद्यावर चार नखांच्या खुणा पाहिल्या मी. शर्ट सरकवून सगळ्या वॉर्डाला दाखवत होता. "ही माह्यी नवी पदवी, मास्तर."

तेव्हापासून त्या स्टुलामागे दुसरं स्टूल आलं. एका कामाला दोन माणसं, पण दवाखाना चालवणाऱ्या मंडळींना डॉक्टरांनी सांगितलं की दोन मिळून एक आहेत, आणि ते हिशोबात बसवून घेतलं.

गावात मात्र खळबळ. रामकिसनजवळ बरळण्यात कोणाला भीती नव्हती, पण आता तिथे मनकर्णाबाईचे कान! ऑपरेशन ठरलेल्या माणसांच्या बायका तिच्या घरी कैरीचं लोणचं, कुरड्या, वड्या घेऊन जायच्या. ती सगळं ठेवून घ्यायची आणि म्हणायची, "आयकू तं मले सारं येते बाई. पन ध्यानात काई राहत नाई."

दोनेक महिन्यांनी तुळसाबाई आली. पोट सपाट, लुगडं नवं, आवाज तीन शेतांचा झालेला. बरोबर तुरीच्या डाळीचं गाठोडं आणि जगदेवराव, ठणठणीत. तिने काय केलं ते कोणी तिला सांगितलं तेव्हा तिचा विश्वासच बसेना.

"मी? मी कायले सांगन? मी गोष्ट पोटात ठेवली होती!"

जगदेवराव पागोटं फिरवत म्हणाले, "पोटातलं तं डॉक्टरनं काढलं ना. गाठीसंगं बाहीर आली असन."

मी त्या वेळी पूर्ण बरा झालो होतो. मनसोक्त हसलो, एकही टाका न धरता.

चारेक वर्षं त्या जोडीने कितीतरी लोकांना झोपवलं आणि जागं केलं. रामकिसन पुन्हा बोलू लागला होता, मनकर्णाबाई थाप देता देता मध्येच त्याला ढोसून गप्प करायची. मग त्या दशकाच्या शेवटच्या हिवाळ्यात त्याचं छातीचं जुनं दुखणं उलटलं. या वेळी स्ट्रेप्टोमायसीनही होतं, बरोबर दुसरी नवी औषधंही होती, पण छातीत उरलं फार थोडं होतं.

त्याला माझ्याच जुन्या खाटेवर ठेवलं होतं. मी रोज जाऊन बसायचो, त्याला दिसेल असं तोंड करून जुन्या नाटकांतली भाषणं म्हणायचो. एका दुपारी त्याची कूस दुखायला लागली, श्वास घेतला की कळ. डॉक्टर राजूरकर स्वतः मॉर्फियाची सुई भरून आले. मनकर्णाबाई खाटेच्या कडेला बसलेली, पदर तोंडाशी धरून, त्याला दिसू नये म्हणून तोंड वळवून रडत होती. रामकिसनने डॉक्टरांचा हात धरला, तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच जुन्या गप्पिष्ट सुरात म्हणाला,

"सायेब, अर्धी तिले द्या. तिले जास्त दुखून राह्यलं."